प्रोव्हान्सच्या जत्रेतली ‘हाताची’ रजई

190 युरो. रुपयांत अठरा-वीस हजार. दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्स भागातल्या एका गावच्या जत्रेत मी हे पैसे रोख मोजून दिले आणि खोटी वस्तू घेऊन घरी आले. मुलांकडे उन्हाळ्यात फ्रान्सला जाणारे आईवडील आता आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि परतताना तिथलं काहीतरी, तिथल्या माणसांनी हातानं केलेलं, सोबत आणावं असं प्रत्येकाला वाटतं. त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे.

लेक एक्स-आँ-प्रोव्हान्सला नोकरी करते. मागच्या जुलैत मी तिच्याकडे दोन महिने होते. एका शनिवारी ती म्हणाली, “आई, चल, तुला खऱ्या गावाकडची जत्रा दाखवते.” गाडीनं तासाभरावर लुबेराँच्या डोंगराजवळचं गाव. चौकात प्लातानची मोठाली झाडं, त्यांच्या सावलीत पांढऱ्या कनाती, आणि झाडांवर त्या सिगाल किड्यांची कानठळ्या बसवणारी किरकिर. जत्रेच्या फलकावर लिहिलं होतं: स्थानिक कारागीर आणि स्थानिक पदार्थ. मी त्या शब्दांवर पूर्ण भरवसा ठेवला.

आणि जत्रेत खरी माणसं होतीही, हे आधी सांगायला हवं. एक बाई बानों चीज विकत होती. शेळीच्या दुधाची छोटी चकती, चेस्टनटच्या वाळक्या पानांत गुंडाळून राफियाच्या दोरीनं बांधलेली. तिनं पान सोडून दाखवलं, आपल्या शेळ्या कुठे चरतात ते सांगितलं, चव दिली आणि घ्याच असा आग्रह मुळीच केला नाही. या चीजला 2003 सालापासून नावाचं सरकारी संरक्षण आहे. ठरलेल्या भागात, ठरलेल्या पद्धतीनं केलेलं असेल तरच त्याला बानों म्हणता येतं. तिच्या पुड्यावर तसा शिक्का होता. शेजारच्याच कनातीत रजया टांगलेल्या होत्या आणि तिथे मला कुठलाच शिक्का शोधायचं सुचलं नाही.

विक्रेता पन्नाशीचा, हसतमुख. मी मलईरंगाच्या एका रजईवर हात फिरवला आणि तो लगेच जवळ आला. “खरं बुती आहे मादाम, फे मँ, द शे नू.” लेकीनं अर्थ सांगितला: हातानं केलेलं, आमच्याकडचं. बुती म्हणजे तिकडचं फुगीर नक्षीचं रजईकाम. आम्ही भारतातल्या आहोत हे कळल्यावर तर त्याला भरतं आलं. म्हणाला, आमच्या प्रोव्हान्सचं कापड मुळात तुमच्याच देशातून आलं, आजही आम्ही त्याला अँदिएन म्हणतो. सतराव्या शतकात मार्सेयच्या बंदरात तुमची छापील सुती कापडं उतरायची, ती लोकांना इतकी आवडली की राजानं 1686 मध्ये त्यांच्यावर बंदी घातली, आणि ती 1759 मध्ये उठली.

हे सगळं खरं आहे. मी नंतर वाचून पाहिलं, एक सालसुद्धा चुकीचं नव्हतं. आणि हीच गोष्ट मला सगळ्यांत जास्त सांगावीशी वाटते. तो इतिहास खरा बोलला म्हणून मी त्याची वस्तूही खरी धरली. त्या चार वाक्यांत माझा देश होता, माझा अभिमान होता, आणि मी रजई उलटून पाहायची विसरले.

किंमत 240 सांगितली. मी रेंगाळले तशी 210 झाली, आणि रोख दिलेत तर 190. लेक म्हणाली, “आई, कार्डानं देऊया ना.” मीच तिला थांबवलं. वीस युरो वाचत होते. त्यानं पावती म्हणून वहीच्या पानावर ‘1 बुती, 190’ एवढंच लिहून दिलं. खाली सही नाही, दुकानाचं नाव नाही.

मी साताऱ्याकडची. माझी आई जुन्या लुगड्यांच्या वाकळी शिवायची, मी लहानपणी तिच्या शेजारी बसून सुईत दोरा ओवून द्यायची. हाताचा धावदोरा कसा असतो हे मला कुणी शिकवायला नको. एक टाका किंचित लांब, पुढचा आखूड, कोपऱ्यावर वळताना दोरा जरा ओढलेला, मागच्या बाजूला कुठेतरी गाठ. त्या रजईवरचे टाके शेवटपर्यंत एकाच मापाचे होते, म्हणजे उघड उघड मशीनचे. माझ्या बोटांना ते लागत होतं. तरी मी घेतली.

रविवारी सकाळी लेकीच्या शेजारच्या मादाम कॉफीला आल्या. सत्तरीच्या आहेत, गेली कित्येक वर्षं स्वतः बुती करतात. मी कौतुकानं रजई पसरली. त्या काहीच बोलल्या नाहीत. उठून त्यांनी रजईचं एक टोक खिडकीच्या उजेडासमोर धरलं आणि मला जवळ बोलावलं. मग घरी जाऊन आपलं एक काम घेऊन आल्या, पाटाएवढं पांढरं कापड, आणि तेही तसंच धरलं.

फरक एका क्षणात दिसला. त्यांच्या कापडातून नक्षीच्या मधल्या रेघांतून उजेड येत होता आणि फुगलेली नक्षी गडद दिसत होती, जणू कापडाच्या आत वेलबुट्टी लपवलेली. खऱ्या बुतीत दोन पातळ सुती कापडं एकावर एक ठेवून नक्षीच्या कडेनं शिवतात, आणि मग मागून सुईनं कापसाची वात एकेका कप्प्यात सरकवतात. मध्ये कापसाचा सलग थर नसतो. म्हणूनच मोकळ्या जागेतून उजेड पार होतो. माझ्या रजईतून काहीही दिसलं नाही, सगळीकडे सारखाच मळकट अंधार. आत कृत्रिम धाग्याचा थर होता. मादाम म्हणाल्या, पलंगभर खरं बुती एकट्या बाईनं करायचं तर वर्षं जातात, ते 190 युरोला कोण देईल?

मग लेकीला कडेच्या शिवणीत काहीतरी टोचलं. लेबल कात्रीनं कापलेलं होतं, पण शिवणीच्या आत बोटाच्या पेराएवढा तुकडा राहिला होता. तिनं चिमट्यानं तो बाहेर ओढला. त्यावर ‘मेड इन इं’ एवढी अक्षरं शिल्लक होती.

मला आधी काही सुचलं नाही. मग फार वाईट वाटलं, आणि ते पैशांचं नव्हतं. आपल्याकडच्या कुठल्यातरी कारखान्यात ही रजई शिवली गेली. शिवणाऱ्याला तिचे किती मिळाले असतील देव जाणे. ती भारतातली म्हणून विकली असती तर मी आनंदानं घेतली असती. पण या माणसानं कात्री घेऊन त्या शिवणाऱ्याचा देश कापून टाकला, आणि त्या जागी मादामसारख्या बायकांच्या वर्षानुवर्षांच्या कामाचं नाव लावलं. एका खोट्यात त्यानं दोन्हीकडच्या हातांचं श्रेय चोरलं. आजही हे लिहिताना माझा राग गेलेला नाही.

जत्रा दोन दिवसांची होती, म्हणून आम्ही दुपारी परत गेलो. लेकीनं शांतपणे लेबलाचा तुकडा समोर ठेवला. त्याचा चेहरा हललाही नाही. “शैली प्रोव्हान्सची आहे मादाम. इथे बनवली असं मी म्हणालो नाही.” लेक म्हणाली, “तुम्ही द शे नू म्हणालात.” तो म्हणाला, “हो, आमच्या दुकानातली.” पैसे परत मागितले तेव्हा त्यानं मागच्या खांबाकडे बोट केलं. तिथे टांगलेल्या दोन रजया त्यानं बाजूला सारल्या, तेव्हा कुठे पाटी दिसली.

त्या पाटीवर काय होतं ते नीट समजून घ्या, कारण आपल्या लोकांना हे माहीत नसतं. फ्रान्समध्ये ऑनलाइन काही घेतलं तर सहसा 14 दिवसांत कारण न देता परत करता येतं. जत्रेत आणि प्रदर्शनात घेतलेल्या मालाला ही सवलत नाही. तसं सांगणारी पाटी विक्रेत्यानं ठळक दिसेल अशी लावायची असते: कागद निदान ए-3 आकाराचा, अक्षरं 90 पॉइंटांहून लहान नकोत. इथे पाटी होती, पण रजयांच्या मागे. तुम्ही पैसे काढण्याआधी ती शोधा. दिसली नाही तर विचारा.

परत करण्याचा हक्क नसला तरी खोटं सांगून विकण्याचाही हक्क कुणाला नाही. मालाच्या मूळ ठिकाणाबद्दल ग्राहकाची दिशाभूल करणं हा तिथे गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि 3,00,000 युरोपर्यंत दंड. तक्रार सिन्यालकाँसो या सरकारी संकेतस्थळावर करता येते. आम्ही केली. पण तक्रार कुणाविरुद्ध? तिथल्या प्रत्येक धंद्याला सिरेत नावाचा 14 आकडी नोंदणी क्रमांक असतो, आणि आमच्या चिटोऱ्यावर तो नव्हता. लेकीनं त्या दुपारी कनातीवरच्या नावाचा फोटो काढून ठेवला म्हणून निदान काहीतरी जोडता आलं. आयोजकांच्या टेबलावरही जाऊन आलो. त्यांनी ऐकून घेतलं, वहीत टिपलं, आणि आम्ही फक्त जागा भाड्यानं देतो म्हणाले.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं: मोठी वस्तू घेताना ‘ही कुठे आणि कुणी बनवली’ हे पावतीवर लिहून मागा. तोंडी विचारू नका, तोंडी सगळे गोड बोलतात. मादामनी मला हे शिकवलं आणि नंतर दोन ठिकाणी मी तसं केलं. खऱ्या कारागिरानं चटकन लिहून दिलं, वर सिरेतचा शिक्काही मारला. दुसऱ्याला अचानक पेन सापडेना.

शब्दही पारखून घ्या. ‘प्रोव्हान्साल’ म्हणजे शैली, ठिकाण नव्हे. ‘आर्टिझानाल’, म्हणजे कारागिरीचं, हा शब्द कशालाही चिकटवतात. ‘फ्रान्समध्ये कल्पिलेलं’ असं लिहिलं असेल तर वस्तू तिथे बनलेली नाही असंच धरून चाला. मार्सेयचा साबण, लायोलचा सुरा, यांच्या नावानं जगात कुठेही केलेला माल सर्रास विकला जातो. साबणाच्या ठोकळ्यावर 72 टक्के असा छाप असतो, म्हणजे तेलाचं प्रमाण. पण तो छाप कुणीही मारू शकतो. मागचे घटक वाचा. परंपरेनं केलेल्या साबणात सुगंध आणि रंग घालत नाहीत, म्हणून जांभळा, लॅव्हेंडरच्या वासाचा साबण कितीही छान दिसला तरी तो वेगळा. हस्तकलेच्या वस्तूंनाही ठिकाणाच्या नावाचं संरक्षण देणारा कायदा फ्रान्सनं 2014 मध्ये केला, लिमोजच्या चिनी मातीच्या भांड्यांना ते 2017 मध्ये मिळालं. ज्या वस्तूला असं संरक्षण असेल तिचा शिक्का मागून घ्यावा.

खाण्याचं एकच सांगते. त्याच जत्रेत नुगा या मिठाईचा मोठा ठोकळा मांडून एक मुलगा सुरी घेऊन उभा होता. पाटीवर 4.50 आकडा मोठा, आणि त्याखाली ‘100 ग्रॅमला’ हे अगदी बारीक. मी बोटानं छोटासा तुकडा दाखवला, त्यानं सुरी दोन बोटं पलीकडे ठेवून कापला. 620 ग्रॅम, 27.90 युरो. कापल्यावर नको म्हणायला आपल्याला संकोच वाटतो, आणि ते त्याला पक्कं माहीत असतं. आधी ग्रॅम सांगा, वजन बघा, मग कापू द्या.

पुढे ऑगस्टमध्ये मादाम आम्हाला नीमजवळच्या काल्व्हिसोंला घेऊन गेल्या. तिथे बुतीचं छोटं संग्रहालय आहे. काचेमागे जुने घागरे, बाळांची अंगडी, लग्नातली पांघरुणं, सगळं पांढऱ्यावर पांढरं. एका अंगड्यावर डाळिंब काढलेलं होतं, आणि त्याच्या एकेका दाण्यात वेगळी वात भरलेली. मी तिथून बराच वेळ हलले नाही. प्रोव्हान्सला गेलात तर जत्रेच्या आधी तिथे जाऊन या, डोळे तयार होतात.

तक्रारीवर अजून काही निष्पन्न झालेलं नाही. रजई लेकीच्या पलंगावर आहे, उबदार आहे, शिवणही चांगली आहे. निघायच्या आदल्या रात्री मी सुईदोरा घेतला आणि लेबलाचा तो तुकडा होता त्या शिवणीत परत टाचला, अक्षरं बाहेरून वाचता येतील असा.