चाळिशीच्या आत हृदयाची झडप बदलायची: मेकॅनिकल की टिश्यू?

महाधमनीची झडप जन्मतःच दोन पाकळ्यांची असो, की लहानपणीच्या ऱ्हुमॅटिक तापाने बिघडलेली मायट्रल, म्हणजे हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधली झडप असो, पन्नाशीच्या आत सहसा मेकॅनिकल (कृत्रिम) झडप सुचवतात आणि पासष्टीनंतर टिश्यूची (प्राण्याच्या ऊतीची). पण ज्याला रोज नागपूरच्या फुटाळा तलावावर धावायचं आहे, त्याने वयापलीकडेही बघावं.

मेकॅनिकल झडप सहसा झिजत नाही. तिरुवनंतपुरमला बनलेली चित्रा झडप १९९० पासून बसवली जातेय. बदल्यात जन्मभर रक्त पातळ करणारी ॲसिट्रॉम ही गोळी घ्यायची आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, सांभाळायचा: महाधमनीला साधारण २ ते ३, मायट्रलला २.५ ते ३.५. खाली घसरला तर झडपेवर गुठळी होऊन पक्षाघाताची भीती, फार चढला तर रक्तस्रावाची. आयएनआर न तपासता घेता येणाऱ्या नव्या गोळ्या या झडपेला चालत नाहीत. ॲसिट्रॉमचा असर लवकर उतरतो, म्हणून वेळ ठरलेली हवी. चुकलेली गोळी त्याच दिवशी आठवली तर घ्या, दुसऱ्या दिवशी दुप्पट नको.

पालेभाजीने गोळीचा असर कमी होतो, पण म्हणून ‘पालेभाजी बंद’ हा सल्ला चुकीचा आहे. गडबड होते ती प्रमाण एकदम बदललं की. हिवाळ्यात आठ दिवस सांबारवडी (कोथिंबिरीची वडी) हाणली आणि मग पानही शिवलं नाही, तर आयएनआर हलणारच. उन्हाळ्यात भूक मेली किंवा जुलाब झाले तर तो चढतो; अशा आठवड्यात तपासणी लवकर करा. पावसाळ्यात ताप आला तर मनाने ब्रुफेन किंवा डायक्लोफेनॅक घेऊ नका. डेंग्यूत प्लेटलेट घटतात आणि गोळी रक्त पातळ करतच असते. ॲसिट्रॉमवर कबड्डी, कुस्ती सोडावी लागते. सेमिनरी हिल्सची सायकल चालते, पण हेल्मेट घालूनच. डोक्यावर पडलात तर बरं वाटलं तरी सीटी स्कॅन करा.

टिश्यूची झडप गाय किंवा डुकराच्या ऊतीची. बहुतेकांना पहिले काही महिनेच रक्त पातळ करणारी गोळी लागते. ज्यांना आई व्हायचं आहे त्यांच्यासाठी हे फार मोलाचं, कारण ॲसिट्रॉम गर्भाला, विशेषतः सहाव्या ते बाराव्या आठवड्यात, घातक ठरू शकते. मात्र ही झडप साधारण १० ते १५ वर्षं टिकते, आणि तरुण शरीरात तिच्यावर कॅल्शियम लवकर साचतं. तिशीत ती निवडणं म्हणजे दुसरं ऑपरेशन आजच मान्य करणं. पुढे मांडीतून तार घालून आत नवी बसवता येईल का, हे पहिल्या झडपेच्या मापावर ठरतं. म्हणून सर्जनला विचारा: कितव्या नंबरची बसेल?

ठोके आधीच अनियमित, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन असेल, तर टिश्यूचा फायदा निम्मा होतो: गोळी तरीही जन्मभर लागू शकते. फक्त काही महिन्यांनी नव्या गोळ्यांचा विचार करता येतो.

दोन्ही झडपांना जंतुसंसर्गाची भीती असतेच. दात काढण्यापूर्वी अर्धा ते एक तास २ ग्रॅम ॲमॉक्सिसिलिन, ॲलर्जी असेल तर डॉक्टर सांगतील ते दुसरं. ताप टिकून राहिला तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का ते बघणारी तपासणी) घ्यायला सांगा. एक डोस आधी पोटात गेला तरी जंतू कल्चरमध्ये सापडेनासा होऊ शकतो.