डब्लिनचा किल्मेनम की लिंकनचा काउंटी तुरुंग?

काउंटीचा जुना तुरुंग इमारत म्हणून पाहायचा असेल आणि प्रवासात एकाच ठिकाणी जाणे जमणार असेल, तर बहुतेक जण किल्मेनमचेच नाव घेतील, आणि त्यांना चूक म्हणवत नाही. १७९६ साली डब्लिन काउंटीचा तुरुंग म्हणून सुरू झालेल्या या इमारतीच्या दगडफोडीच्या आवारात ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १९१६च्या उठावातील चौदा नेत्यांना गोळ्या घातल्या गेल्या. त्यांच्यापैकीच जोसेफ प्लंकेट यांचे ग्रेस गिफर्ड यांच्याशी लग्न लागले तेही तिथल्याच चॅपेलमध्ये, मृत्युदंडाच्या काही तास आधी. शिवाय जुन्या विभागातले अंधारे बोळ पाहून १८६०च्या दशकातल्या, छतातून उजेड घेणाऱ्या पूर्व विभागात शिरले की मधल्या काळात तुरुंगाची कल्पनाच कशी पालटली, हे कोणी सांगावे लागत नाही.

माझे मत फिरले ते एका गोष्टीमुळे. किल्मेनमचा आतला भाग मार्गदर्शकासोबतच पाहता येतो. अरुंद वाटा आणि गर्दी पाहता दुसरा उपाय नसावा, आणि निवेदनही उत्तम होते. पण दाराची जाडी किंवा खिडकीची उंची न्याहाळायला जरा थांबावे, तोच गट पुढच्या प्रसंगाकडे निघालेला असे. उठावाची हकिगत मनात पक्की बसली. इमारत मात्र नीट पाहायची राहूनच गेली.

इंग्लंडमधल्या लिंकन शहराच्या किल्ल्यातला १८४८चा तुरुंग आपल्या गतीने पाहता येतो. (आयरिश नेते डी व्हॅलेरा १९१९ मध्ये ज्या लिंकन तुरुंगातून निसटले, तो हा नव्हे, तो त्याच शहरातला नंतरचा तुरुंग. किल्मेनमचे शेवटचे कैदी मात्र तेच.) कैद्यांनी एकमेकांना पाहूच नये, या एकांतवासाच्या पद्धतीसाठी तो बांधला गेला आणि तिथल्या चॅपेलमध्ये ती पद्धत अगदी टोकाला गेलेली दिसते: प्रत्येक कैद्याला उभ्याने मावेल एवढा स्वतंत्र खण, ज्यातून समोरचा धर्मोपदेशक तेवढा दिसे. त्या खणांपाशी मी हवा तितका वेळ रेंगाळलो. १८७८ मध्येच तुरुंग बंद झाल्यामुळे नंतरच्या फेरफारांचा थरही बहुधा त्यावर फारसा चढला नसावा.

आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्याची ओढ असेल तर किल्मेनमला पर्याय नाही. तिकीट तेवढे आधी काढावे. बांधणीत रस असणाऱ्याला मी तरी लिंकन सुचवेन. लंडनहून रेल्वेने एका दिवसात जाऊन येता येते, पण तुरुंग आधी पाहावा, कारण त्याच किल्ल्यात १२१५च्या मॅग्ना कार्टाची, म्हणजे इंग्लंडच्या राजाच्या सत्तेला मर्यादा घालणाऱ्या सनदेची, प्रत आहे आणि बहुतेकांचे पाय तिकडेच वळतात.