पावलांच्या विकृतींची नोंद: तालुक्याच्या रुग्णालयाने कोणती कोडयादी घ्यावी?

विदर्भातील एखाद्या तालुक्याच्या गावी अस्थिरोग रुग्णालय चालवणाऱ्या डॉक्टरांनी केसपेपर संगणकावर न्यायचे ठरवले की, निदानाचे कोड जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० (आजारांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण) यादीतून घ्यावेत की अमेरिकेत चालणाऱ्या आयसीडी-१०-सीएम यादीतून, हा प्रश्न लगेच उभा राहतो. दोन्ही याद्यांचा सांगाडा एकच असल्यामुळे प्रश्न किरकोळ वाटतो. मात्र नागपुरात अमेरिकी बिलांसाठीचे कोडिंग शिकून आलेला मुलगा एक यादी वापरतो, नोंदवहीवर वर्षानुवर्षे बसलेले बाबू दुसरी वापरतात, आणि एकाच रुग्णाचे दोन भेटींचे कोड जुळत नाहीत.

सर्वांत ठळक फरक बाजूचा आहे. जन्मजात वळलेल्या पावलाला, म्हणजे डॉक्टर ज्याला सीटीईव्ही म्हणतात त्याला, संघटनेच्या यादीत क्यू६६.० एवढा कोड पुरतो. अमेरिकी यादीत १ ऑक्टोबर २०१९ पासून तो अपुरा ठरतो, उजव्यासाठी क्यू६६.०१ आणि डाव्यासाठी क्यू६६.०२ लिहावे लागते आणि दोन्ही पावले वळलेली असल्यास दोन्ही कोड द्यावे लागतात. संघटनेच्या यादीत हाडे-स्नायूंच्या प्रकरणात पाचवा अंक जोडता येतो, पण तो जागा सांगतो, बाजू नाही: ७ म्हणजे घोटा आणि पाऊल. बाजू कोडातच यावी, हा अमेरिकी यादीचा खरा फायदा आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही.

तरीही पावलांच्या नोंदीतील खरी चूक बाजूची नसते, ती जन्मजात आणि नंतर आलेली विकृती यांची गल्लत होण्याची असते, आणि तिच्यापासून कोणतीही यादी वाचवत नाही. तीन वर्षांच्या मुलाचे पाऊल ब्रेस (सरळ केलेले पाऊल टिकवणारे बूट-पट्टीचे साधन) सोडल्यामुळे पुन्हा वळले, तर वय पाहून एम२१.५, म्हणजे नंतर आलेली विकृती, लिहिण्याचा मोह होतो. ते चूक आहे. विकृती जन्माचीच असल्याने कोड क्यू६६.० हाच राहतो आणि पुन्हा वळल्याची गोष्ट टिपणात जाते. सपाट पावलांचेही तसेच: जन्मजात असल्यास क्यू६६.५, नंतर आलेली असल्यास एम२१.४. चालायला लागलेल्या बाळाचे मऊ, सपाट दिसणारे पाऊल बहुधा विकृतीच नसते, त्यामुळे तेथे कोड देण्याची घाई नको.

चंद्रपूर-गडचिरोली भागात कुष्ठरोगाच्या नोंदीला वेगळे महत्त्व आहे. औषधोपचार पूर्ण झालेला शेतमजूर पाऊल लोंबते म्हणून येतो आणि केसपेपरवर पुन्हा ए३०, म्हणजे कुष्ठरोगाचाच कोड, लिहिला जातो. त्यामुळे कागदावर बरा झालेला माणूस पुन्हा रोगी ठरतो. दोन्ही याद्यांचा नियम येथे सारखा आहे: आधी आज दिसणारी अवस्था, म्हणजे लोंबणाऱ्या पावलाचा एम२१.३, आणि जोडीला कुष्ठरोगाच्या परिणामांचा बी९२. पोलिओच्या परिणामांसाठी बी९१. अमेरिकी यादीत पहिला कोड बाजूनुसार लांबतो (उजव्या पावलासाठी एम२१.३७१), एवढाच फरक. कुष्ठरोगमुक्त व्यक्ती हा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात नमूद प्रकार आहे आणि लाभांसाठी साधारणतः ४० टक्क्यांची अट असते. प्रमाणपत्राच्या वेळी जुने कागद पुढे येतात, तेव्हा अशी नोंद रुग्णाच्या उपयोगी पडते.

मधुमेहाने सांधा ढासळलेल्या पावलाच्या बाबतीत मात्र अमेरिकी यादी सोपी आहे: टाइप २ साठी ई११.६१० या एकाच कोडात आजार आणि परिणाम दोन्ही येतात. संघटनेच्या यादीत ई११.६ आणि एम१४.६ अशी जोडी लिहावी लागते, आणि जोडीतला दुसरा कोड एकटा कधीच चालत नाही.

टिपणाकडे वळतो, कारण माझ्या मते निम्म्याहून अधिक श्रम तेथे घालावेत. “सीटीईव्ही, प्लास्टर केले, सोमवारी या” एवढ्या नोंदीवरून जगातला कोणताही कोडर बाजू सांगणारा अमेरिकी कोड देऊ शकणार नाही. तो ‘बाजू अनिर्दिष्ट’ असा क्यू६६.०० टाकेल आणि यादीचा फायदा तेथेच संपेल. त्याऐवजी असे लिहावे: “वय १९ दिवस. जन्मजात, दोन्ही पावले. पिरानी गुण उजवे ५.५, डावे ४. पाठीचा कणा व नितंब तपासले, दोष नाही. पॉन्सेटी पद्धतीने पहिले प्लास्टर, दोन्ही बाजूंना.” पिरानी गुण म्हणजे विकृतीची तीव्रता सांगणारे माप आणि पॉन्सेटी म्हणजे टप्प्याटप्प्याने प्लास्टर घालून पाऊल सरळ करण्याची पद्धत. कण्याचा उल्लेख शोभेचा नाही, तेथे दोष सापडला तर त्याचा कोड वेगळा द्यावा लागतो आणि उपचाराचा अंदाजही बदलतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने पाठवलेल्या बाळाचे टिपण पुढच्या केंद्रात वाचले जाते, तेव्हा मागील गुण नसतील तर सुधारणा मोजायची कशाशी?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या मंजुरीसाठी उपचाराचा कोड योजनेच्या स्वतःच्या यादीतूनच द्यावा लागतो, त्यामुळे त्या कामासाठी निदानाची कोणती यादी घ्यावी यावर डोके शिणवू नये. संघटनेची पुढची यादी, आयसीडी-११, जानेवारी २०२२ पासून लागू झाली असून तिच्यात बाजूसाठी जोडकोड आहेत. पण हाती असलेले सॉफ्टवेअर ती नीट पेलत नसेल तर थांबलेले बरे.

माझा कल स्पष्ट आहे: ग्रामीण रुग्णालयाने संघटनेची आयसीडी-१० घ्यावी आणि बाजूसाठी नोंदीत स्वतंत्र, सक्तीचा रकाना ठेवावा. परदेशी विम्याचे रुग्ण किंवा अमेरिकी संस्थेशी संशोधन असेल तरच सीएम यादी परवडते, आणि तेव्हाही दोन्ही याद्या एकाच रकान्यात मिसळू नयेत. जुन्या नोंदी आधीच मिसळल्या असतील, तर प्रत्येक नोंदीपुढे यादीचे नाव टाकण्यापासून सुरुवात करावी, क्यू६६.० पुढे अंक आहे की नाही, एवढे पाहूनही बऱ्याच नोंदी वेगळ्या काढता येतात.