वाफ की क्लिपा? प्रोस्टेटसाठी रेझूम आणि यूरोलिफ्ट

प्रोस्टेट वाढून लघवी अडतेय, गोळ्यांनी भागेना आणि टीयूआरपीला (दुर्बिणीतून प्रोस्टेट आतून खरवडून काढायच्या ऑपरेशनला) मन धजेना, अशा टप्प्यावर जे आलेत त्यांच्यासाठी लिहितोय. माझ्यापुढे दोनच पर्याय उरले होते, रेझूम आणि यूरोलिफ्ट. दोन्ही दुर्बिणीतून होतात, आणि वीर्य मागे मूत्राशयात जायची भीती दोन्हीत टीयूआरपीपेक्षा फारच कमी, त्यामुळे तिथे डोकं शिणवू नका.

रेझूममध्ये एकेका जागी 9 सेकंद वाफ सोडतात, तेवढा भाग मरतो आणि शरीर तो हळूहळू जिरवतं. हळूहळू म्हणजे खरंच हळूहळू. आधी सूज येते, म्हणून बहुतेकांना काही दिवस कॅथेटर (लघवीची नळी आणि तिला जोडलेली बॅग), आणि पूर्ण फरक कळायला दोन-तीन महिनेही जातात.

आणि माझं घोडं अडलं ते या कॅथेटरपाशीच. आदल्या वर्षी सर्दीची गोळी घेतली (नाक मोकळं करणारं औषध आपल्यासारख्यांची लघवी अडवू शकतं, हे तेव्हा कुठे माहीत होतं) आणि रात्रीत लघवी पूर्ण तुंबली. चार दिवस नळी. कुशीवर वळलं की ओढ बसायची, बॅग भरत असूनही सतत लागल्यासारखं वाटायचं, आणि एकदा तर बॅग पलंगाला अडकवलीये हे विसरून तसाच उठलो, पुढचं सांगत नाही.

यूरोलिफ्टमध्ये बारीक क्लिपा लावून प्रोस्टेटच्या दोन्ही बाजू मागे खेचून धरतात, पडदा सारून बांधावा तशा. मला नळी लागलीच नाही, काहींना एखाद दिवस लागते म्हणे. दोन आठवडे जळजळ झाली, मधूनच लघवी लालसर यायची, पण आठवड्याभरात धार सुधारली होती.

खोट नाही असं नाही. पाच वर्षांच्या ट्रायल्समध्ये यूरोलिफ्टवाल्यांपैकी साधारण 13-14 टक्के लोकांवर परत काहीतरी करावं लागलं, रेझूमवाल्यांत 4-5 टक्के. ट्रायल्स वेगवेगळ्या, तरी आकडा रेझूमच्याच बाजूचा आहे आणि टिकाऊपणा हाच तुमचा निकष असेल तर मी वाद घालणार नाही. मला मात्र पुढेमागे पुन्हा टेबलावर झोपायला लागलं तरी चालेल, पण ती पिशवी नको.

ठरवण्याआधी दुर्बिणीने तपासून मधला लोब (प्रोस्टेटचा मधला भाग) किती वाढलाय ते विचारून घ्या. तो मोठा असेल तर बरेच डॉक्टर वाफेकडेच वळवतात. तसं झालंच तर सैल पायजमे घेऊन ठेवा, आणि पलंगावरून उठताना आधी बॅग हातात घ्या.