पॅक्लोब्युट्राझोल २३ टक्के: हापूसच्या कलमांवरील वापराचे परीक्षण

कोकणात आजही ‘कल्टार’ या जुन्या व्यापारी नावानेच ओळखले जाणारे पॅक्लोब्युट्राझोल आता अनेक कंपन्यांच्या बाटल्यांतून मिळते, आणि हापूसला दरवर्षी मोहोर आणणारे औषध म्हणून ते विकले जाते. बागेत अनेक हंगाम ते वापरल्यानंतर माझे मत असे झाले आहे की औषध गुणाचे आहे, पण विकताना त्याचे जे वर्णन केले जाते ते फार अपुरे आहे आणि त्याचा भुर्दंड शेवटी कलमांना सोसावा लागतो.

हे औषध खत म्हणून काम करीत नाही, किंवा स्वतः मोहोरही घडवीत नाही. शेंड्याची वाढ, पेरांची लांबी आणि नवी पालवी या गोष्टी मुख्यतः जिबरेलिन या संप्रेरकाच्या हाती असतात. झाड हे संप्रेरक एका लांबलचक रासायनिक साखळीतून तयार करते आणि साखळीतील प्रत्येक टप्पा ठरावीक विकर, म्हणजे एन्झाइम, पार पाडते. त्यांपैकी कौरीन ऑक्सिडेज हे विकर साखळीत बरेच आधी येते. त्याच्या गाभ्यात हीम या लोहयुक्त घटकातील लोहाचा अणू असतो. पॅक्लोब्युट्राझोलच्या ट्रायाझोल वलयातील नायट्रोजन त्या लोहाला चिकटून बसतो आणि विकराचे काम बंद पडते. जिबरेलिन घटले की फांद्या लांबायचे थांबतात, पावसाळ्यानंतरची अवेळी पालवी आवरते, काडी लवकर पक्व होते आणि अशी काडी थंडी पडताच मोहोरते. बुरशीसाठी आपण फवारतो ती हेक्झाकोनॅझोल, प्रोपिकोनॅझोल ही औषधे याच कुळातली आहेत. ती बुरशीच्या अशाच एका विकराला पकडतात.

झाड स्वतःही विकरांच्याच साहाय्याने जिबरेलिनचे प्रमाण आवाक्यात ठेवत असते, हे येथे सांगणे आवश्यक आहे. जीए-२० ऑक्सिडेज आणि जीए-३ ऑक्सिडेज (जीए म्हणजे जिबरेलिन) ही विकरे त्याचे क्रियाशील रूप तयार करतात, तर जीए-२ ऑक्सिडेज ते निकामी करते. संप्रेरक जास्त झाले की पहिल्या दोघांची निर्मिती मंदावते आणि तिसऱ्याची वाढते. मेंडेलच्या वाटाण्यातील बुटकेपणा जीए-३ ऑक्सिडेजच्या जनुकातील दोषामुळे होता, आणि १९६६ साली आलेल्या आयआर-८ या बुटक्या भाताचे रहस्य जीए-२० ऑक्सिडेजच्या दोषात आहे. त्या पिकांत बियाण्याने जे कायमचे केले, ते हे औषध कलमात काही काळापुरते करते. त्या ‘काही काळा’चा अंदाज चुकला की बाग बिघडते.

मात्रा झाडाच्या वयावर नव्हे, विस्तारावर ठरते: व्यासाच्या प्रत्येक मीटरला पाऊण ग्रॅम क्रियाशील घटक, म्हणजे साधारण ३ मिलिलिटर औषध. बाटलीवरचे २३ टक्के हे वजनानुसार असतात. लिटरमागे त्यात २५० ग्रॅम घटक असतो. माझ्याकडे आलेल्या एका बाटलीच्या पत्रकात हा हिशेब कुठेही नव्हता आणि मात्रा ‘प्रति झाड’ दिली होती. सहा मीटर विस्ताराच्या कलमाला १८ मिलिलिटर आणि दहा मीटरच्या कलमाला ३० मिलिलिटर लागत असताना अशी सरसकट मात्रा छापणे मला गंभीर दोष वाटतो.

जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, पावसाने उघडीप दिली असताना, बुंध्यापासून विस्ताराच्या निम्म्या अंतरावर पहारीने वर्तुळात १०-१२ सेंटिमीटर खोल भोके पाडावीत आणि पाण्यात मिसळलेले औषध त्यांत समप्रमाणात ओतावे. औषध मुळांनी शोषून काष्ठातून वर चढते, म्हणून पानांवर फवारण्यात अर्थ नाही. बाटली ठेवून दिली की दाट पांढरा थर तळाशी बसतो; ती चांगली हलवल्याशिवाय मोजले, तर पहिल्या कलमांना पातळ आणि शेवटच्यांना जहाल मात्रा जाते.

परिणाम ठळक दिसतो. औषध दिलेल्या काडीवर पेरे आखूड होतात, पाने जवळजवळ येतात, आणि मोहोर औषध न दिलेल्या कलमांच्या आधी बाहेर पडतो. वर्षाआड फळणाऱ्या हापूसमध्ये सलग हंगाम मिळणे आणि लवकरचा माल वाशीला पोहोचणे, ही या औषधाची खरी किंमत आहे.

मात्र हे द्रव्य जमिनीत महिनोन् महिने टिकते. दरवर्षी पूर्ण मात्रा ओतत राहिल्यास मोहोराची दांडी आखडते, फुले एकमेकांत दाटून त्यांचा गच्च गोळा होतो, त्यात फवारणी पोचत नाही आणि भुरी व तुडतुडे तिथेच ठाण मांडतात. एक-दोन हंगामांच्या कराराने झाडे घेणारे काही जण दुप्पट औषध घालून निघून जातात आणि खुंटलेली कलमे मालकाकडे राहतात. हे पाहून मला मनापासून वाईट वाटते. पुनर्मोहोर, म्हणजे फळे धरल्यावर पुन्हा येणारा मोहोर, रोखण्यासाठी आपण ५० पीपीएम जिबरेलिक ॲसिड फवारतो, तेव्हा याच संप्रेरकाचा उलट दिशेने उपयोग करीत असतो. एकाच बागेत दोन्ही वापरताना वेळापत्रक लिहून ठेवणे अत्यावश्यक आहे.

जोमदार, पूर्ण वाढलेल्या आणि शेणखतासह खताची पूर्ण मात्रा मिळणाऱ्या कलमांसाठी हे औषध मी निःसंकोच सुचवेन. रोगट किंवा उपाशी कलमांना ते अजिबात देऊ नये, कारण वाढलेल्या फळधारणेचा भार त्यांना पेलत नाही. पहिल्या वर्षांनंतर पेरांची लांबी पाहून मात्रा कमी करावी, आणि आखूड पेरे दिसत असतील त्या वर्षी औषध पूर्ण टाळावे. खरेदी करताना लेबलवर घटकाचे प्रमाण आणि उत्पादनाची तारीख स्पष्ट असलेली बाटलीच घ्यावी, आणि विस्ताराच्या मीटरनुसार मात्रा सांगू न शकणाऱ्या दुकानदाराच्या सल्ल्यावर अवलंबून राहू नये.