गच्चीवरचा ट्यूनर: दोन तारांचा की चार तारांचा?

हॅम रेडिओसाठी रिमोट ट्यूनर (गच्चीवर अँटेनाजवळ बसून तिची रेडिओशी जुळणी करणारा डबा) कोणता घेऊ, असं कोणी विचारलं की मी आधी उलट विचारतो: शॅकपासून, म्हणजे रेडिओच्या खोलीपासून, गच्चीपर्यंत किती तारा नेता येतील? कोॲक्स, म्हणजे रेडिओचा सिग्नल नेणारी केबल, तर जाणारच. त्याच्यासोबत एका प्रकारात फक्त विजेच्या दोन तारा लागतात. दुसऱ्यात चार: धन, ऋण, ‘स्टार्ट’ आणि ‘की’. मी दोन्ही वापरलेत. आधी तीन वर्षं दोन तारांचा, आणि आता आयकॉम कंपनीचा चार तारांचा एएच-४. आधीच्याचं नाव इथे देत नाही, कारण माझी अडचण त्या पद्धतीशी आहे आणि तशा पद्धतीचे ट्यूनर बरेच मिळतात.

दोन तारांचा बसवणं खरंच सोपं. तो आरएफ (रेडिओकडून येणारी रेडिओलहरींची शक्ती) आली की जागा होतो, एसडब्ल्यूआर (जुळणी किती बिघडली याचं माप) जास्त दिसला की स्वतःच शोधाशोध करतो, आणि सापडलेली जुळणी लक्षात ठेवतो. रेडिओ कोणत्याही कंपनीचा चालतो. यातले बरेचसे १.८ मेगाहर्ट्झपासून चालतात आणि २०० वॅटपर्यंत झेपवतात. माझं काम एका रविवारी दुपारी उरकलं होतं. कोॲक्समधूनच वीज नेणारेही आहेत, म्हणजे जास्तीची तार शून्य. फक्त तेव्हा वाटेतला लाइटनिंग अरेस्टर (आकाशातल्या विजेपासून वाचवणारा जोड) डीसी वीज जाऊ देणारा हवा, हे आधी बघा.

आता ज्या एका गोष्टीमुळे मी बदललो ती. हा ट्यूनर जुळवायचा तर त्याला काही सेकंद स्थिर, कमी शक्तीची कॅरिअर (आवाज नसलेली निव्वळ लहर) लागते. म्हणजे एलएसबी या बोलण्याच्या मोडवरून सीडब्ल्यू (मोर्सचा मोड) किंवा एएमवर जा, पॉवर १०० वॅटवरून १० वर आणा, कळ दाबा, मीटरकडे बघत थांबा (जुळणी करणारे रिले, म्हणजे विजेवर चालणारे छोटे स्विच, गच्चीवर, त्यामुळे त्यांचा आवाज येत नाही), मग मोड परत, पॉवर परत. एकदा केलं तर काही वाटत नाही. पण सकाळी ७ मेगाहर्ट्झवर नेट (ठरलेल्या वेळी बऱ्याच जणांनी एकत्र बोलणं), मग १४ वर एक फेरी, पुन्हा खाली ७.१५० ला कोणी बोलावलं म्हणून तिकडे, असं चालू झालं की हेच काम पुन्हा पुन्हा येतं. आणि माणूस विसरतो. एकदा पॉवर १० वरच राहिली आणि अख्खं नेट मी क्षीण आवाजात बोललो. दुसऱ्या वेळी उलट झालं: १०० वॅटवरच ट्यून केलं. भरल्या शक्तीत रिले उघडमीट झाले, एकाचा कॉन्टॅक्ट चिकटला आणि त्या दिवसापासून २० मीटरच्या बँडला, म्हणजे १४ मेगाहर्ट्झला, एसडब्ल्यूआर खालीच येईना. डबा उतरवून रिले बदलावा लागला. चूक माझीच, मान्य. पण दिवसातून पाच वेळा चुकायची संधी देणारी पद्धत मला नको झाली.

पावसाळ्यात आणखी एक अनुभव आला. तार भिजली, एसडब्ल्यूआर थोडा हलला, की बोलता बोलता मध्येच शोधाशोध सुरू. समोरच्याला माझं वाक्य तुटलेलं ऐकू यायचं. यावर उपाय म्हणून काही ट्यूनरना जुळणी गोठवायची वेगळी तार असते. ती ओढली की तारा तीन झाल्या, मग दोन तारांची सोय कुठे राहिली?

चार तारांच्या ट्यूनरचं तसं नाही, कारण तो आणि रेडिओ एकमेकांना विचारून चालतात. रेडिओवरचं ट्यूनरचं बटण सेकंदभर दाबलं की रेडिओ ‘स्टार्ट’ची तार खाली खेचतो, म्हणजे तिच्यावरचं व्होल्टेज शून्याजवळ आणतो. ट्यूनर तयार झाला की ‘की’ खाली खेचतो. ते दिसल्यावरच रेडिओ स्वतःच्या मापाने, साधारण १० वॅटची, कॅरिअर सोडतो. जुळणी झाली की ट्यूनर ‘की’ सोडतो, कॅरिअर थांबते आणि मोड, पॉवर जिथे होते तिथे. दोन-तीन सेकंदांचं काम. माझ्या आयकॉमच्या आयसी-७१८ रेडिओमध्ये आतला ट्यूनर नाहीच, त्यामुळे ते बटण इतकी वर्षं रिकामंच होतं. आता दिवसभरात कितीदा दाबतो ते मोजत नाही.

हे सुख फुकट मिळालं नाही. मला २५ मीटर अंतर होतं. पहिल्यांदा मी घरात पडलेली बारीक अलार्मची केबल ओढली. वीज पोचत होती, पण रिले ओढले की व्होल्टेज इतकं बसायचं की ट्यूनर अर्ध्यात सोडून द्यायचा. मग बाहेर वापरायची, शिल्डवाली नेटवर्क केबल घेतली. तिच्या आठ तारांपैकी तीन एकत्र धनाला, तीन ऋणाला, उरलेली एक ‘स्टार्ट’ला, एक ‘की’ला. तेव्हापासून तक्रार नाही.

दुसरा त्रास आरएफचा. ४० मीटरच्या बँडला, म्हणजे ७ मेगाहर्ट्झला, ट्यूनिंग मध्येच तुटायचं, कारण प्रक्षेपणाची आरएफ नियंत्रणाच्या तारांवरून शॅकमध्ये परत येत होती. कोॲक्स आणि ही केबल एकत्र धरून दोन्ही टोकांना आरएफ अडवणाऱ्या मोठ्या फेराइट रिंगवर आठ-नऊ वेढे दिले, रिंग ४३ नंबरच्या मटेरिअलची. त्याने भागलं. आणि जोड जितके जास्त तितकी पावसाची काळजी जास्त: पहिल्याच पावसाळ्यात ‘की’च्या जोडावर हिरवा गंज चढला. आता जोडाला ग्रीस, वर स्वतःला चिकटणारी रबराची टेप, आणि पेटीची ग्लँड (केबल आत घ्यायचं तोंड) खालच्या बाजूला.

अँटेनाच्या तारेची लांबी आणि काउंटरपॉइज (अँटेनाची दुसरी बाजू म्हणून पसरलेल्या तारा) दोन्हीकडे सारखेच महत्त्वाचे. २० मीटर तार टाळा, ती ७ मेगाहर्ट्झला अर्धी तरंगलांबी होते आणि ट्यूनर धडपडतो. माझी १६ मीटरच्या आसपास आहे. कठड्यालगत चार काउंटरपॉइज पसरले आहेत. सहा मजले खाली नेलेली अर्थची तार आरएफसाठी फारशी उपयोगाची नाही, असं माझं मत. वळवाचे दिवस सुरू झाले की काम संपल्यावर अँटेना काढूनच ठेवतो.

तुमचा रेडिओ आयकॉमचा नसेल, तर मात्र एएच-४ चा हा सगळा फायदा जवळपास जातो. मधे घरगुती जोडणी करावी लागते आणि पुन्हा हातानेच पॉवर सांभाळावी लागते. १६० मीटरचा बँड (१.८ मेगाहर्ट्झ) हवा असेल तरी तो उपयोगी नाही, तो ३.५ मेगाहर्ट्झपासून चालतो, तेही किमान ७ मीटर तारेवर, आणि मर्यादा १२० वॅट. एएच-४ आता जुनाच सापडेल, पुढे एएच-७३० आला आहे. सोसायटीच्या डक्टमधून एकच केबल न्यायची परवानगी असेल, तर कोॲक्सवरून वीज घेणारा घ्या, संकोच नको. पण आणखी एक केबल कशीही नेता येत असेल, तर मी तरी तीच नेईन.

दुरुस्त केलेला जुना ट्यूनर मी विकला नाही. डोंगरावर जाताना तो पिशवीत असतो. तिथे दिवसभर एकच बँड, बॅटरी शेजारी, विजेची तार हातभर, आणि पॉवर सकाळीच १० वॅटवर आणून ठेवलेली असते.