गोठलेली प्रश्नावली की एकच जोडीदार?

गोव्यात बसून खेळाच्या समाजशास्त्रात परदेशी विद्यापीठांबरोबर काम करायचे, तर साधारण दोन वाटा समोर येतात. पहिली म्हणजे दहा-पंधरा देशांच्या सामायिक सर्वेक्षणात 'भारताची बाजू' सांभाळणे. दुसरी म्हणजे परदेशातला एकच संशोधक जोडीदार म्हणून धरणे आणि दोघांनी मिळून मुलाखती, जुनी कागदपत्रे, क्षेत्रकार्य करणे. पीएच.डी. चालू असलेल्यांना किंवा कॉलेजात नुकतेच रुजू झालेल्यांना दोन्हीकडून विचारणा होते, आणि दोन्ही एकदम पेलत नाहीत. सामंजस्य करार, निधीच्या योजना, कुठले नियतकालिक कुठल्या यादीत बसते, हे वाचकाला ठाऊक आहे असे धरून चालतो.

सर्वेक्षणाची वाट कमी लेखण्यासारखी नाही. इंटरनॅशनल सोशल सर्व्हे प्रोग्रामने २००७ साली फावला वेळ आणि क्रीडा हा विषय घेतला होता. तेच प्रश्न अनेक देशांत विचारले गेले, म्हणून त्या आकड्यांवर आजही लेख लिहिता येतात. नमुना कसा निवडायचा, उत्तरांना भार कसा द्यायचा, नकार कसे नोंदवायचे, याची शिस्त अशा गटात जशी अंगवळणी पडते तशी एकट्याने काम करून क्वचितच पडते. शिवाय गोपनीयतेचा प्रश्न आकड्यांत जवळजवळ मिटतो. गोव्यातल्या गावात मुलाखत घेतली की नुसते टोपणनाव देऊन भागत नाही. 'नव्वदच्या दशकातला गोलकीपर, अमुक वाड्यावरचा' एवढे लिहिले तरी अख्खा गाव माणूस ओळखतो.

पण एक हिशेब आधीच करून ठेवावा. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४.५८ लाख होती, देशाची सुमारे १२१ कोटी. देशभरातून २,००० माणसांचा नमुना लोकसंख्येच्या प्रमाणात काढला तर गोव्याच्या वाट्याला दोन-तीन माणसे येतात. म्हणजे तुम्ही ताळगावच्या पठारावर, गोवा विद्यापीठात, बसून राबणार आणि निष्कर्षात गोवा असणार नाही. स्वतंत्र गोवा-नमुना मागता येतो, पण त्याचा खर्च बहुधा तुमच्याच माथी येतो.

तरीही माझ्या लेखी पारडे नमुन्याच्या आकाराने फिरले नाही. ते एका शब्दाने फिरले: खेळ.

मूळ इंग्रजी प्रश्नावलीत 'स्पोर्ट' असते आणि तिथे काही अडचण नसते. मराठीत 'खेळ' लिहिले की नाटकाचाही खेळ होतो, आणि शिगम्यात येतात ते खेळे. दक्षिण गोव्यातल्या साष्टीत कार्निव्हालच्या दिवसांत 'खेळ' म्हणजे लोकनाट्य, त्यातूनच खेळ-तियात्र आले. 'गेल्या वर्षभरात तुम्ही किती वेळा खेळ पाहायला गेलात?' या प्रश्नाला तिथला माणूस मनापासून चुकीच्या गोष्टीचा आकडा सांगतो. बरे, 'क्रीडा' लिहावे तर तो सरकारी शब्द: क्रीडा खाते, क्रीडा दिन, पदके. रोज संध्याकाळी कापणी झालेल्या शेतात फुटबॉल खेळणारा तरुण 'तुम्ही क्रीडेत भाग घेता का?' याला सरळ 'नाही' म्हणतो. शेवटी 'स्पोर्ट्स'च ठेवले तर लोकांना शाळेचा वार्षिक क्रीडा दिवस आठवतो. तीन शब्द, आणि तिन्हींची चूक वेगवेगळ्या दिशेने.

'क्लब'चेही तेच. गावातला स्पोर्ट्स अँड कल्चरल क्लब फुटबॉलची स्पर्धा भरवतो आणि नरकासुरही करतो. मुंबईतल्या गोंयकारांच्या कुडींनाही, म्हणजे त्यांच्या सामायिक राहण्याच्या जागांनाही, क्लबच म्हणतात. जहाजावर नोकरी केलेले वयस्क गृहस्थ 'तुम्ही क्लबचे सदस्य आहात का?' याला 'हो' म्हणतात, तेव्हा बऱ्याचदा धोबीतलावाकडची कूड त्यांच्या मनात असते. स्पर्धेच्या सकाळी मैदानावर फक्की मारणाऱ्या, म्हणजे पांढऱ्या भुकटीने रेषा आखणाऱ्या, माणसाला 'स्वयंसेवक' म्हटले तर तो चकित होतो. त्याच्या लेखी ते गावाचे काम.

मग वेळेचा प्रश्न. शारीरिक हालचाल मोजणारी आयपॅक ही प्रश्नावली गेल्या सात दिवसांचे विचारते. इथे खरिपाचे भात कापले की शेताचे मैदान होते, आणि पाऊस लागला की त्याच मैदानात चिखल आणि रोप. जुलैतले सात दिवस आणि जानेवारीतले सात दिवस ही एकाच माणसाची दोन वेगळी आयुष्ये असतात.

यावर उपाय नाहीत असे नाही. युरोपियन सोशल सर्व्हेत वापरली जाणारी भाषांतराची पाच पायऱ्यांची रीत चांगली आहे: दोन स्वतंत्र भाषांतरे, एकत्र बसून तपासणी, निर्णय, चाचणी, आणि प्रत्येक निर्णयाची नोंद. अडते ते असे, की अनेक प्रकल्पांत पैसे फक्त पहिल्या पायरीचे असतात, आणि चाचणीपर्यंत येईतो मूळ प्रश्नावली गोठलेली असते. एका देशासाठी प्रश्न बदलला तर तुलना मोडते, हे मध्यवर्ती गटाचे म्हणणे त्यांच्या बाजूने बरोबरच आहे. ते म्हणतात, अडचण टिपेत लिहा. पण टीप अहवालाच्या परिशिष्टात राहते आणि आकडा फाइलमध्ये जातो. चार वर्षांनी कोणीतरी तो आकडा उचलून 'भारतीयांचा क्रीडासहभाग कमी' असे लिहितो, तेव्हा शेतातल्या त्या तरुणाचे 'नाही' त्यात मोजलेले असते. ही चूक कोणी हटकत नाही, कारण ती दिसतच नाही. मला हे खुपले ते खुपलेच.

जोडीदाराबरोबर काम करताना शब्द गोठत नाही. मुलाखतीत 'खेळ' आला की लगेच विचारता येते, कसला खेळ? तिसऱ्या मुलाखतीनंतर प्रश्न बदलता येतो आणि का बदलला ते लिहिता येते. शब्दाचा हा घोळच लेखाचा विषय होऊ शकतो.

गोव्याच्या बाबतीत पोर्तुगीज वाचणारा जोडीदार मिळाला तर देवाणघेवाण खरोखर बरोबरीची होते. १९६१ पूर्वीच्या खेळाच्या बातम्या मोठ्या प्रमाणात पोर्तुगीज वृत्तपत्रांत आहेत. १९०० साली निघालेले ओ हेराल्डो १९८३ मध्ये इंग्रजी झाले. पणजीत पाट्टो येथील मध्यवर्ती ग्रंथालयातले जुने अंक त्याने वाचायचे, मैदानावरची कोंकणी-मराठी तुम्ही ऐकायची. एक बारीकशी सोय इथे अनपेक्षितपणे कामी येते. रोमी कोंकणीत, म्हणजे रोमन लिपीतल्या कोंकणीत, 'श'साठी एक्स लिहितात, ते वळण पोर्तुगीजच. मुलाखती रोमीत उतरवल्या तर अर्थ न कळताही लिस्बनचा माणूस शब्द शोधू शकतो, मोजू शकतो. मात्र एकाच शब्दाची दोन स्पेलिंगे होऊ देऊ नयेत, नाहीतर सॉफ्टवेअर त्यांना दोन शब्द समजते. पहिल्या दिवसापासून शब्दयादी ठेवा.

श्रमाचा अंदाज मात्र लोक हमखास चुकवतात. तासाभराचे ध्वनिमुद्रण उतरवायला पाच-सहा तास धरा, इंग्रजी करायला आणखी चार-पाच. वीस मुलाखती म्हणजे सुमारे २०० तास, आणि ते सगळे गोव्याच्या बाजूचे. हे तास निधीच्या अर्जात स्वतंत्र ओळ करून लिहा. नाही लिहिले तर 'माहिती इकडची, सिद्धान्त तिकडचा' अशी वाटणी आपोआप होते आणि पहिले नाव तिकडचे लागते. उतारा दोन स्तंभांत ठेवावा, डावीकडे मूळ, उजवीकडे इंग्रजी. भाषांतर न होणारे शब्द तसेच ठेवावेत. ध्वनिमुद्रण कोणाच्या ताब्यात, पहिल्या लेखावर पहिले नाव कोणाचे, कोणी नोकरी बदलली तर साहित्याचे काय, हे एका पानावर लिहून दोघांनी सही करावी. विद्यापीठांच्या लांबलचक करारात नेमके हेच सापडत नाही.

या वाटेवरचे धोकेही खरे आहेत. जोडीदाराची नेमणूक संपली की प्रकल्प अधांतरी लटकतो. नीतिसमित्या दोन, आणि प्रत्येकीला संमतीपत्रात वेगळा बदल हवा असतो, तेव्हा मसुदा दोन्हीकडे एकदम द्या आणि दोघींचे शेरे आल्यावरच छापा. अकादमीतले खेळाडू १८ वर्षांखालचे असतील तर पालकांची संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही वेगवेगळे घ्या. जोडीदार क्षेत्रकार्याला येणार असेल तर पर्यटक व्हिसा चालत नाही, संशोधन व्हिसा लागतो, आणि त्यात महिने जातात. कापणीनंतरचा हंगाम गाठायचा तर पावसाआधीच अर्ज करायला लावा. परदेशी पैसा येणार असेल तर एफसीआरएबद्दल (परदेशी निधीवरच्या कायद्याबद्दल) संस्थेच्या लेखा विभागाला प्रस्ताव पाठवण्याआधी विचारा.

बैठकांच्या वेळेतही जोडीदार सोपा. गोव्यात दुपारी साडेतीन वाजता लिस्बनमध्ये हिवाळ्यात दहा, उन्हाळ्यात अकरा. मोठ्या गटात टोरांटोची सकाळ आणि टोकियोची रात्र सांभाळताना गोव्याच्या वाट्याला संध्याकाळचे सात येतात.

ज्यांचा पाया संख्याशास्त्राचा आहे, ज्यांना दोन वर्षांत तीन-चार सहलेख हवे आहेत, त्यांनी सर्वेक्षणाला नाही म्हणू नये. फक्त प्रश्नावली गोठण्याआधी आत शिरावे. आठ-दहा माणसांवर चाचणी मागावी, त्यांना प्रश्न स्वतःच्या शब्दांत परत सांगायला लावावा. आपले दोन स्थानिक प्रश्न शेवटी घालून घ्यावेत. ते मध्ये घातले तर पुढच्या उत्तरांवर परिणाम होतो. एवढे मान्य होत असेल तर माझा आक्षेप बराच सौम्य होतो.

आणि जोडीदार शोधत असाल तर पहिल्या ईमेलबरोबर लांब प्रस्ताव पाठवू नका. दोन पानांचे टिपण आणि नावे काढलेल्या एका मुलाखतीचा दोन स्तंभी उतारा पाठवा, मुलाखत देणाऱ्याची तशी परवानगी असेल तरच. त्यात 'खेळ', 'कूड', 'फक्की' असे तीन शब्द मुद्दाम तसेच ठेवा. उत्तरात नमुना किती आणि लेख कधी, एवढेच आले तर थोडे थांबा. त्या तीन शब्दांतला एक जरी त्याने विचारला, तर पुढचा ईमेल त्याच दिवशी लिहा.